छातीत दुखलं तर घरी थांबू नका

२०२० च्या उन्हाळ्यात पुण्यात एक समाधान तोंडातोंडी फिरत होतं. रस्त्यावर गाड्या नाहीत, हवा स्वच्छ, ऑफिसची दगदग नाही, बाहेरचं तेलकट पोटात जात नाही, म्हणून हार्ट अॅटॅकसुद्धा कमी झालेत. हृदयविकाराचे वॉर्ड ओस पडले होते हे खरंच होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा होता, आणि पेठांमधल्या आम्हा फॅमिली डॉक्टरांना तो तेव्हाच खटकत होता. झटके येतच होते, माणसं येत नव्हती.

पुढे आकडे आले. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं देशातल्या १८७ रुग्णालयांमधली २०१९ आणि २०२० ची माहिती ताडून पाहिली. लॉकडाऊनच्या काळात हार्ट अॅटॅकसाठी दाखल होणारे सुमारे ३५ टक्क्यांनी घटले होते. अमेरिकेतल्या नऊ मोठ्या केंद्रांमध्ये तातडीच्या अँजिओप्लास्टीसाठी कॅथ लॅब, म्हणजे ही प्रक्रिया जिथं करतात ती खोली, सज्ज करण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी खाली आलं होतं. इटलीत मार्च २०२० मधल्या एका आठवड्यात दाखल होणारे निम्म्यावर आले. हवा स्वच्छ झाली म्हणून झटके कमी झाले असते, तर जे दाखल झाले त्यांचं तरी नेहमीसारखंच व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. इटलीतल्या त्याच पाहणीत मोठ्या झटक्याच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण आदल्या वर्षी ४.१ टक्के होतं, ते १३.७ टक्क्यांवर गेलं. हाँगकाँगच्या एका रुग्णालयात दुखू लागल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंतचा वेळ आधी साधारण ८२ मिनिटं असायचा, तो साथ सुरू झाल्यावर ३१८ मिनिटांवर गेला. तिथले रुग्ण मोजकेच होते, पण जे आम्ही इथं पाहत होतो ते नेमकं हेच होतं. माणूस येतोय, पण फार उशिरा येतोय.

शिवाय साथीत झटके कमी होतील ही अपेक्षाच मुळात उलटी आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की, इन्फ्लुएन्झा झाल्याची खात्री झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अॅटॅकची शक्यता एरवीपेक्षा सहापट असते. तापानं शरीरात दाह वाढतो, रक्त गोठण्याकडे झुकतं आणि धमनीत साचलेल्या चरबीच्या जुन्या थराला तडा जातो. कोविडमध्येही हेच दिसलं. म्हणजे श्वसनाची साथ आली की हृदयाच्या रुग्णांसाठी जास्तीची तयारी हवी. आपण त्या वेळी होती तीसुद्धा काढून घेतली.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. कुठलीही साथ असो, हार्ट अॅटॅकच्या रुग्णाचा रस्ता बंद होता कामा नये, आणि तो उघडा ठेवायची जबाबदारी रुग्णाच्या नातेवाइकांच्या ओळखीपाळखीवर सोडता कामा नये. हे कसं करायचं ते आधी, लेखी आणि सगळ्यांना माहीत असेल असं ठरलेलं हवं. पुण्यात २०२० मध्ये ते ठरलेलं नव्हतं, आणि आजही ते ठरलंय असं मला माझ्या दवाखान्यात बसून दिसत नाही.

या आजारात वेळेला एवढं महत्त्व का, ते थोडं सांगतो. हृदयाला रक्त देणाऱ्या धमनीत गुठळी अडकली की त्या धमनीच्या हद्दीतला स्नायू मरायला लागतो. एकदम नाही, काही तासांत, थोडा थोडा. गुठळी लवकर निघाली तर स्नायू वाचतो, उशिरा निघाली तर माणूस वाचूनही हृदय अधू राहतं. ती काढायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे कॅथ लॅबमध्ये नेऊन तार घालून फुगा फुगवायचा आणि स्टेंट, म्हणजे आपल्याकडचे रुग्ण ज्याला 'स्प्रिंग' म्हणतात ती, बसवायची. दुसरा म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. पहिला मार्ग सरस आहे, पण तो वेळेत मिळाला तर. दुसऱ्याला ना कॅथ लॅब लागते, ना कार्डिऑलॉजिस्ट समोर हजर असावा लागतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७,१८७ रुग्णांवरच्या एका गाजलेल्या चाचणीत फक्त अॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) ही दोन औषधं दिल्यावर पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानं होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. तुलना होती यातलं काहीच न मिळालेल्यांशी. २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्या शहरात कितीतरी माणसं पुन्हा त्या 'काहीच न मिळालेल्या' गटात जाऊन बसली, तीही ही औषधं कोपऱ्यावरच्या रुग्णालयाच्या कपाटात असताना.

त्या महिन्यात कसब्यातल्या एका गल्लीत मला सकाळी बोलावणं आलं. गल्लीच्या तोंडाला आडवे बांबू आणि त्यांना तारेनं आवळलेले पत्रे. मध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढीच फट. गेलेले गृहस्थ माझ्याकडे अनेक वर्षं ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला यायचे, बाइंडिंगचा धंदा होता. रात्री अकराच्या सुमारास छातीत जळजळ सुरू झाली, मग जबडा दुखायला लागला, बनियन घामानं भिजला. घरच्यांनी ओवा दिला, सोडा दिला, पाठीला बाम चोळला. पत्नी म्हणत होती दवाखान्यात जाऊ. ते म्हणाले, "आत्ता गेलो तर कोविड म्हणून उचलून नेतील, तुम्हाला सगळ्यांना चौदा दिवस कोंडतील, आणि मला तुमचं तोंडही दिसणार नाही. पित्त आहे, सकाळपर्यंत उतरेल." सकाळी सहाला गेले.

घरी मृत्यू झाला की डॉक्टरला नमुना ४ अ भरून द्यावा लागतो. त्यात मृत्यूचं कारण लिहायचं असतं, आणि शेजारच्या रकान्यात त्या कारणाची सुरुवात आणि मृत्यू यांत किती काळ गेला ते. मी जेवणाच्या टेबलावर बसून तो लिहिला. समोर सोड्याचा पेला तसाच होता, तळाशी पांढरं कडं बसलेलं. ईसीजी कधी निघालाच नव्हता, त्यामुळे लक्षणांवरून जे कळत होतं ते लिहिलं. काळाच्या रकान्यात लिहिलं, सात तास. त्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत अशी रुग्णालयं आहेत जिथं हा माणूस वाचू शकला असता. एरवी रिक्षानं दहा मिनिटं लागतात.

या सात तासांना त्यांचा स्वभाव जबाबदार होता असं म्हणून हात झटकणं मला मान्य नाही. भीती त्यांच्या मनात आपोआप उगवली नव्हती. 'घरी थांबा, सुरक्षित राहा' हे वाक्य फोन लावला की कानात, टीव्ही लावला की डोळ्यांत, घंटागाडीच्या भोंग्यावरसुद्धा. त्या वाक्याला एक अपवाद जोडायला हवा होता, तो कुणी जोडला नाही. छातीत दुखत असेल, एका बाजूचा हात-पाय गळाला असेल, गरोदर बाईला कळा सुरू झाल्या असतील, तर घरी थांबू नका. एवढं सांगायला किती सेकंद लागले असते? रिक्षा बंद, पीएमपी बंद, पेट्रोल ठरावीक लोकांनाच, नाक्यावर पास दाखवा. आणि शेजारच्या इमारतीतून कुणाला गाडीत घालून नेताना सगळ्या आळीनं गॅलरीतून पाहिलेलं. पन्नाशीच्या माणसानं यातून काय शिकावं अशी आपली अपेक्षा होती?

पुण्याला हे नवीन नाही, आणि म्हणूनच जास्त लागतं. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या कमिटीनं सोल्जर घालून घरं तपासली, संशयितांना उचलून छावण्यांत नेलं. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसाला लपवू लागले. रँडचा वध, चाफेकर बंधू, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या प्रकरणातला आरोग्याचा धडा शिकवला जात नाही. लोकांना दवाखान्याची भीती घातली की ते आजार लपवतात, आणि मग त्या आजाराबरोबर दुसरेही लपतात. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं साथ रोखण्यासाठी जो कायदा लागू केला तो त्याच १८९७ सालचा. त्या कायद्यानं सरकारला अडवायचे अधिकार भरपूर मिळतात. अडवताना कुणाला जाऊ द्यायचं, याबद्दल तो काही सांगत नाही. ते स्थानिक प्रशासनानं ठरवायचं असतं. २०२० मध्ये दूध, भाजी, औषधांची दुकानं यांच्या वेळा रोज ठरत होत्या. हृदयविकाराच्या रुग्णासाठी पत्रा कुणी उघडायचा हे ठरलं नव्हतं.

बरं, जे घराबाहेर पडले त्यांचं काय झालं?

मे महिन्यात माझ्याकडे साठीच्या एक बाई आल्या. मुलगा घेऊन आला होता. बायकांमध्ये बऱ्याचदा होतं तसं छातीत फारसं दुखत नव्हतं, दम लागत होता, मळमळत होतं, पाठीत जड वाटत होतं. किट चढवून ईसीजी काढला. पुढच्या भागातला मोठा झटका होता, शंकेला जागा नाही असा. कागदावर लाल शाईनं वेळ लिहिली, अॅस्पिरिन चघळायला दिली, आणि त्यांना एका मोठ्या रुग्णालयाकडे धाडलं. फाटकावर सुरक्षारक्षकाच्या हातातल्या तापमापकानं शंभराच्या जरा खालचा आकडा दाखवला. दम आणि ताप, म्हणजे संशयित. त्यांना वेगळ्या तंबूत बसवलं, नाकातला स्वॅब घेतला आणि सांगितलं, रिपोर्ट आल्याशिवाय हृदयविकाराच्या विभागात घेता येणार नाही. त्या दिवसांत रिपोर्टला दुसरा दिवस उजाडायचा. मुलाच्या हातात माझा ईसीजी होता आणि तो दिसेल त्याला दाखवत होता. इंजेक्शन मिळालं, पण ते मध्यरात्र उलटून गेल्यावर. रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाई वाचल्या. त्यांचं 'पंपिंग' मात्र तीस टक्क्यांवर राहिलं. निरोगी हृदयाचं ते पंचावन्नच्या वर असतं. तीस टक्क्यांचा अर्थ दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला विचारावा. त्या आता खाली उतरत नाहीत.

त्या रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही, कारण तसं वागणारं ते एकटंच होतं असं नाही, आणि तिथले कर्मचारी दुष्ट होते असंही नाही. त्यांना भीती होती आणि ती खरी होती. किट अपुरी होती. कॅथ लॅबमध्ये एक पॉझिटिव्ह रुग्ण निघाला की सगळी टीम चौदा दिवस बाहेर, लॅब बंद. अशी एक लॅब बंद पडली तर त्या पंधरवड्यातले बाकीचे सगळे रुग्ण मुकतात. या शहरातल्या डॉक्टरांनी, नर्सेसनी, वॉर्डबॉयनी जीव गमावलेत. त्यामुळे 'त्यांनी धोका पत्करायला हवा होता' असं सोपं वाक्य मी लिहिणार नाही. माझं म्हणणं असं आहे की, धोका कमी करून उपचार न थांबवण्याची पद्धत तेव्हाही उपलब्ध होती आणि ती माहीतही होती.

त्या पद्धतीत पहिला नियम असा की, तपासणीचा निकाल येईपर्यंत प्रत्येक रुग्णाला संसर्ग आहे असं धरायचं आणि किट घालून लगेच उपचार सुरू करायचे. स्वॅब घ्यावा, जरूर घ्यावा. पण रिपोर्टवर ठरावं ते रुग्णाला नंतर कुठल्या वॉर्डात ठेवायचं एवढंच. उपचार करायचे की नाही हे त्यावर ठरू नये. दुसरा नियम असा की, तातडीची अँजिओप्लास्टी वेळेत होणार नसेल तर जिथं रुग्ण पहिल्यांदा पोचला तिथंच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२० मध्ये याच दिशेनं सल्ला दिला होता. चीनमधल्या डॉक्टरांनीही तेच सुचवलं होतं. अमेरिकेतल्या संघटना अँजिओप्लास्टीवर ठाम राहिल्या, पण त्यांच्याकडे कॅथ लॅब आणि रुग्णवाहिका यांची जी व्यवस्था आहे ती गृहीत धरून.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की, कोविडच्या रुग्णात ईसीजी मोठ्या झटक्यासारखा दिसतो, पण धमनी उघडीच असते. हे खरं आहे. न्यूयॉर्कमधल्या १८ रुग्णांची एक नोंद प्रसिद्ध झाली, त्यात फक्त आठ जणांना खरा हार्ट अॅटॅक होता. बाकीच्यांच्या हृदयाला दुसऱ्या कारणानं इजा झाली होती. अशा माणसाला गुठळीचं इंजेक्शन दिलं तर फायदा शून्य आणि रक्तस्रावाचा धोका अंगावर. पण ते रुग्ण कोविडची खात्री झालेले होते, आणि त्यांतले बरेच आधीच रुग्णालयात होते. बाहेरून छातीत दुखतंय म्हणून आलेल्या, कालपर्यंत धडधाकट असलेल्या माणसाला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. शंका असेल तिथं दोन मिनिटांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मदत करतो. शंका आहे म्हणून सगळ्यांनाच थांबवणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप इंजेक्शनचाच. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, शंभरात एखाद्याला. अर्धांगाचा ताजा इतिहास, नुकतं झालेलं मोठं ऑपरेशन, आटोक्यात न येणारं ब्लडप्रेशर असेल तर ते देता येत नाही. छोट्या रुग्णालयातल्या डॉक्टरला याचीच धास्ती असते. रक्तस्राव झाला, नातेवाइकांनी तोडफोड केली, तर कोण पाठीशी उभं राहणार? म्हणून तो ईसीजी पाहतो, चिठ्ठी लिहितो आणि 'मोठ्याकडे न्या' म्हणतो. या धास्तीला मी नावं ठेवत नाही. पण २०१३ मध्ये आलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, एका तासात अँजिओप्लास्टी होऊ शकणार नव्हती अशा १,८९२ रुग्णांमध्ये, आधी इंजेक्शन आणि नंतर सवडीनं अँजिओग्राफी करून मिळालेला निकाल थेट अँजिओप्लास्टीइतकाच चांगला होता. मेंदूतला रक्तस्राव थोडा जास्त होता. पंच्याहत्तरीपुढच्यांना अर्धी मात्रा दिल्यावर तो फरक बराच घटला. म्हणजे हा अडाणी, गरिबांसाठीचा, दुय्यम उपचार आहे हा समज आता सोडायला हवा. साथ नसतानासुद्धा भोर, वेल्हे, मंचरच्या रुग्णाला हाच उपचार योग्य आहे, कारण तिथून पुण्यातल्या कॅथ लॅबपर्यंतचा रस्ता आणि वाहतूक सगळ्यांना माहीत आहे.

तमिळनाडूनं हे करून दाखवलं. डॉ. थॉमस अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोटी रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांशी जोडली, ईसीजी दूरवर पाठवायची सोय केली, १०८ च्या रुग्णवाहिका त्यात घेतल्या. छोट्या ठिकाणी इंजेक्शन, मग मोठ्या ठिकाणी अँजिओग्राफी. २,४२० रुग्णांच्या त्या अभ्यासात वर्षभरातलं मृत्यूचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं. अशी साखळी एकदा बसलेली असली की साथीत ती मोडत नाही, कारण रुग्णाला एकाच मोठ्या फाटकावर रांग लावावी लागत नाही. महाराष्ट्रातही स्टेमी (मोठ्या झटक्याचं वैद्यकीय नाव) या नावानं असाच प्रकल्प हाती घेतला गेला आहे. तो सरकारी रुग्णालयांपुरता न राहता शहरातल्या गल्लीबोळातल्या दहा-वीस खाटांच्या खासगी रुग्णालयांपर्यंत यायला हवा. पुण्यातला रुग्ण पहिल्यांदा तिथंच जातो.

१०८ बद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१४ मध्ये ही सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि महाराष्ट्राचं वैशिष्ट्य असं की त्यांत डॉक्टर असतो. इतर अनेक राज्यांत तसं नाही. गाडीत डॉक्टर आहे, म्हणजे ईसीजी गाडीतच काढता येईल, अॅस्पिरिन तिथंच देता येईल, आणि कुठल्या दारात न्यायचं ते वाटेतच ठरेल. या सेवेचा नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला आहे. इतकी जमेची बाजू असताना २०२० मध्ये गाड्या कोविडकडे वळल्या आणि हृदयविकारासाठी राखीव गाडी कुठली, हे सांगणारं कुणी उरलं नाही. मला वाटतं, साथ जाहीर होताच ठरावीक गाड्या फक्त हृदयविकार, पक्षाघात आणि बाळंतपणासाठी बाजूला काढल्या जाव्यात. त्यांना दुसरं काम द्यायचं नाही, कितीही दबाव आला तरी.

त्या वर्षी पुण्यात खाटांची माहिती देणारा ऑनलाइन फलक होता. ऑक्सिजनच्या खाटा किती, आयसीयू किती, व्हेंटिलेटर किती, सगळं त्यावर दिसायचं. मे महिन्यात सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेण्याचा आदेश काढला. ससूनची अकरा मजली इमारत कोविडसाठी उघडली, सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर जंबो रुग्णालय उभं राहिलं. खूप मोठं काम झालं, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्या फलकावर 'आत्ता या क्षणी हार्ट अॅटॅकचा रुग्ण कुठं घेतील' असा रकाना नव्हता. माझ्यासारखा डॉक्टर एका हातात ईसीजी घेऊन दुसऱ्या हातानं फोन फिरवत बसायचा. एक कॅथ लॅब संशयितांसाठी, दुसरी बाकीच्यांसाठी, आणि आज कुठली चालू कुठली बंद. हे दर काही तासांनी सांगणं त्या फलकाला अशक्य नव्हतं. ज्यांनी खाटा मोजल्या त्यांनी हेही मोजलं असतं. कुणी विचारलं नाही.

नंतर हार्ट अॅटॅकवर चर्चा झाली, नाही असं नाही. जिममध्ये, गरब्यात, लग्नात नाचताना तरुण कोसळल्याचे व्हिडिओ फिरू लागले आणि सगळा संशय लशीवर गेला. आयसीएमआर या देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेनं ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये आला. लशीमुळे धोका वाढलेला आढळला नाही. कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागणं, घराण्यात असे मृत्यू असणं, बेसुमार दारू, झेपणार नाही इतका व्यायाम, यांचा संबंध दिसला. तरी माझ्याकडे येणारा दर तिसरा माणूस लशीबद्दलच विचारतो. मला वाईट याचं वाटतं की, त्या दोन वर्षांत उपचाराअभावी जे गेले त्यांच्याबद्दल कुणीच विचारत नाही. त्यांचे व्हिडिओ नाहीत. ते घरात, रात्री, पित्त समजून गेले. त्यांच्या नमुना ४ अ च्या प्रती महापालिकेच्या दप्तरात पडून आहेत. २०१९, २०२० आणि २०२१ मध्ये या शहरात घरी झालेले मृत्यू कारणांनुसार मोजून जाहीर करावेत, ही मागणी कुठल्याही पक्षाच्या नगरसेवकाला करता येईल.

साथी येतच राहणार. २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. २०२४ मध्ये झिका आला, २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. दरम्यान शहर वाघोलीपासून खडकवासल्यापर्यंत पसरलं आणि रात्री-अपरात्री त्या टोकांवरून मध्यवस्तीत यायला लागणारा वेळ साथ नसतानाच काळजी वाटावी असा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या वीस हजारांवर रुग्णांच्या नोंदीत दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचायला मधला काळ सहा तासांचा निघाला होता. आपण एरवीच सहा तास गमावतो. साथीत त्यावर फाटकावरचे तास चढतात.

तेव्हा महापालिकेनं आपल्या १५ क्षेत्रीय कार्यालयांपैकी प्रत्येकाच्या हद्दीत किमान एक दवाखाना असा ठेवावा, जिथं चोवीस तास ईसीजी निघेल, तो कार्डिऑलॉजिस्टकडे फोनवर जाईल आणि त्याच्या सल्ल्यानं इंजेक्शन दिलं जाईल. ईसीजीचं यंत्र चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतं. खर्च आहे तो माणसांचा आणि इंजेक्शनचा. गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज काही सेकंदांत देता येतं, पण महाग आहे. स्ट्रेप्टोकायनेज बरंच स्वस्त, पण तासभर सलाइनमधून सोडावं लागतं आणि ब्लडप्रेशरवर डोळा ठेवावा लागतो. दोन्ही ठेवावीत. लेखी आदेशानुसार इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी महापालिका कायद्यानं उभी राहील, हे त्या आदेशातच लिहावं. त्याशिवाय कुणी हात पुढे करणार नाही. आणि लोकांनी छातीत दुखलं की व्हॉट्सअॅपवर वाचून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत बसू नये. त्यानं गुठळी विरघळत नाही, ब्लडप्रेशर मात्र खाली जाऊ शकतं. १०८ ला फोन करावा, आणि अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर डॉक्टरला फोनवर विचारून अॅस्पिरिन चघळावी.

अधिकाऱ्यांशी बोलताना मला नेहमी एक अडचण सांगितली जाते. छोट्या दवाखान्यात महिन्याला एखादाच असा रुग्ण येईल, महागडी इंजेक्शनं मुदत संपून फुकट जातील, मग लेखापरीक्षणात उत्तर कोण देणार? अडचण खरी आहे आणि तिला उत्तरही आहे. मोठ्या रुग्णालयांत हे औषध नेहमी वापरात असतं. मुदत संपायच्या चार महिने आधी छोट्या दवाखान्यातल्या कुप्या तिकडे पाठवायच्या आणि तितक्याच ताज्या इकडे आणायच्या. हे सांभाळायला एक फार्मासिस्ट आणि एक नोंदवही पुरते. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी आपल्या भागातली कामं सुचवायची सोय कित्येक वर्षांपासून आहे. लोक तिथं बाकडी मागतात, पदपथ मागतात. या वेळी मी माझ्या भागासाठी ईसीजीचं यंत्र आणि या इंजेक्शनचा साठा मागणार आहे, आणि अर्जाची मुदत सुरू झाली की तुम्हीही तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात तोच अर्ज द्यावा.